अक्काच्या ट्रकला कोणते टायर?

४ जुलै

ट्रक आला. सहा चाकी, निळा, जुना, पण इंजिन ठणठणीत. आवाजावरून कळतं म्हणे. मला आवाजावरून एवढंच कळलं, की शेजारीपाजारी जागे झाले.

छापखाना बंद पडल्यावर प्रूफं तपासणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं, याचं उत्तर मला काही सापडेना. अक्काला सापडलं. अक्का माझी थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तिनेच मला वाढवलं. आयुष्यभर कारखान्याच्या कामगारांची बस चालवली, माझं शिक्षण केलं, माझं लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न 'राहून गेलं' असं ती म्हणते, जसं आपण गिरणीतून पीठ आणायचं राहून गेलं म्हणतो. निवृत्त होऊन घरी बसली ती काही दिवसांतच कंटाळली. म्हणाली, "आपण ट्रक घेऊ. मी चालवते, बाकीचं तू बघ."

म्हणजे मी व्यवस्थापक.

"व्यवस्थापक म्हणजे क्लीनरच ना?" हिने विचारलं. बायकोच्या असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

टायर मात्र पार गुळगुळीत झालेत. बदलायलाच हवेत. हे काम मी अंगावर घेतलं आहे. अभ्यास करून निर्णय घेईन.

९ जुलै

पहिलं गिऱ्हाईक मिळालं आणि ते मधमाश्यांचं निघालं!

हायवे सोडून आत गेलं की माळावर एक मधपाळ राहतो. साठीला टेकलेला, उंच, एकटा. लाकडी पेट्यांतून माश्या पाळतो. जिकडे फुलोरा असेल तिकडे पेट्या हलवायच्या, आज सूर्यफुलांत, पुढे निलगिरीच्या बनात. पहाटे माश्या आत असताना पेट्या बंद करायच्या आणि ऊन चढायच्या आत पोचवायच्या. हंगामभराचं काम आहे.

"ड्रायव्हर कुठाय?" त्याने मला विचारलं.

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे," अक्का म्हणाली.

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "माफ करा, ड्रायव्हरसाहेब."

साहेब! सरळ सरळ टोमणा. हा माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला नाही. अक्काच्याही तो डोक्यात गेला असणार, कारण परत येताना ती वळणावर इंडिकेटर द्यायला विसरली. असं तिच्या हातून कधी होत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर निम्मा हायवे, आरशासारखा. उरलेली काळ्या मातीची वाट. पाऊस झाला की तिचा कागदाच्या कारखान्यातल्या लगद्यासारखा लगदा होतो. आता दोन्हीकडे चालेल असा टायर कोणता?

१२ जुलै

टायरवाल्याकडे गेलो. पाटीवर 'टायर ट्युब सर्वीस' असं लिहिलंय. दोन चुका काढून दाखवल्या. तो म्हणाला, "बसा." या धंद्यात शुद्धलेखनाला किंमत नाही.

त्याने दोन प्रकार दाखवले. एकाच्या अंगावर सरळ लांब रेघा. हा हायवेचा. शांत पळतो, तापत नाही, लवकर झिजत नाही. पण चिखलात रेघा भरल्या की ओल्या साबणाच्या वडीसारखा जागच्या जागी फिरतो. दुसऱ्याला जाड जाड ठोकळे. हा चिखलाचा. मातीत दात रोवून वर चढतो, मात्र डांबरावर गुरगुरतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक जरा बेतानेच दाबायचा.

"आमचं काम जास्त हायवेवर आहे," मी म्हणालो.

"मग हायवेचाच घ्या. दुसरं काही घेऊच नका."

"पण चिखल आहे हो मध्ये."

"मग चिखलाचाच. दुसरं काही घेऊच नका."

"दोन्ही आहे म्हणतोय मी!"

त्याने थोडा विचार केला. "दोन ट्रक घ्या."

१४ जुलै

घरात चर्चा झाली. अक्काचं म्हणणं चिखलाचे घ्या. "हायवेवर काय, कसलंही चाक पळतं. माणूस अडकतो तो चिखलात."

मी तिला कागदावर काढून दाखवलं, की आपली जास्त धाव डांबरावर आहे. बहुमताच्या रस्त्याचा मान राखायला नको का? शेवटी ती म्हणाली, "तू व्यवस्थापक. घाल तुला हवे ते."

हायवेचे टायर चढवले. सहाही. किती शांत पळतात!

२२ जुलै

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

पहाटे पेट्या भरून निघालो. रात्री पाऊस झाला होता. मधपाळाच्या माळावरून उतरताना लहानसा उतार आहे, त्यापुढे चढ. चढावर मागची चाकं फिरायला लागली. अक्काने पुढे घेतला, मागे घेतला, चाकांतली थोडी हवा सोडून पाहिली. चाकं गरागरा फिरत होती आणि ट्रक सावकाश खाली बसत होता.

ऊन चढलं. बंद पेट्यांत माश्या तापायला लागल्या. आधी नुसती गुणगुण होती, मग पेट्यांतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायला लागला. मधपाळ एकेका पेटीला कान लावत होता. अक्का पोती भिजवून पेट्यांवर टाकत होती. दोघांनी मिळून चाकांखाली दगड रचले. मी काचा वर करून केबिनमध्ये होतो. ट्रकचे कागद सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

शेवटी पलीकडच्या शेतातला ट्रॅक्टर आला आणि त्याने दोर लावून ओढून काढलं. एका पेटीतल्या माश्या मात्र गेल्या. मधपाळाने झाकण उघडलं आणि डोक्यावरची टोपी काढली. अक्काने मनगटाने डोळे पुसले. मी तिला असं करताना कधी पाहिलेलं नाही. धूळ गेली असेल म्हणावं, तर चिखलात कुठली धूळ?

"तुमची चूक नाही, ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला.

चूक माझी होती. कोणी म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

२४ जुलै

सहाही चाकांना चिखलाचे टायर घालायचं ठरलं. टायरवाला म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

२८ जुलै

रविवार. अक्का चिखल बघायला गेली. एकटीच, बसने. म्हणाली, नव्या टायरांवर ट्रक कुठून न्यायचा ते पायी चालून बघून येते. याला म्हणतात कामावरची निष्ठा! सुट्टीच्या दिवशी चिखल बघायला जाणारी माणसं आता राहिली कुठे?

फक्त एक खटकलं. ठेवणीतले कपडे घालून गेली. मी हिला म्हणालो, "अक्काला हल्ली वयाचं भान राहिलेलं नाही."

"हो ना," ही म्हणाली, "मी तेच म्हणते," आणि भाजी चिरता चिरता हसली. भाजीत हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

६ ऑगस्ट

चिखलाच्या टायरांची पहिली भरलेली खेप. चढ असा पार केला की मी टाळ्या वाजवल्या. मग हायवे लागला.

देवा! आधी बारीक घूं घूं सुरू झाली. वेग वाढला तशी ती वाढत गेली. पायाखालची पत्र्याची फळी थरथरायला लागली, दाढा वाजायला लागल्या. आम्ही तिघं केबिनमध्ये. अक्का चालवत होती, मधपाळ तिच्या शेजारी, मी दाराला चिकटून. थोड्या वेळाने मागूनही घूं घूं यायला लागली.

"उत्तर देताहेत," मधपाळ म्हणाला.

"कोण?"

"माश्या. त्यांना वाटतंय, खालून कोणीतरी मोठी माशी बोलावतेय."

अक्काने वेग कमी केला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. निलगिरीच्या बनात पोचून पेट्यांची दारं उघडली, तेव्हा आतून माश्या नव्हे, तक्रारी बाहेर पडल्या. माझ्या नाकावर एक बसली ती नांगी ठेवूनच उठली. अक्कालाही तळहातावर चावली. मधपाळाने तिचा हात हातात घेतला आणि नखाने नांगी काढायला बसला. एक नांगी काढायला माणसाने किती वेळ लावावा! धंद्यात इतकी वर्षं काढूनही हाताला सफाई नाही. मी माझी नांगी आरशात बघून एका झटक्यात काढली. माझ्या नाकाकडे कोणी पाहिलंही नाही, आणि ते आता टायरच्या आकाराचं झालंय.

११ ऑगस्ट

टायरांवरून मधपाळाचं आणि अक्काचं चांगलंच वाजलंय. त्याला हायवेचे हवेत, माश्यांना त्रास होतो म्हणून. अक्काला चिखलाचे हवेत, ती मेलेली पेटी डोळ्यांपुढून हलत नाही म्हणून. रोज संध्याकाळी फोनवर भांडतात. मला अक्काची बाजू तेवढी ऐकू येते. "नाही हो... काहीतरीच तुमचं... ठेवते आता. नाही, तुम्ही ठेवा. आधी तुम्ही." फोन कोणी ठेवायचा यावरूनसुद्धा यांचं एकमत होत नाही. कसा व्हायचा धंदा?

१६ ऑगस्ट

आज जेवताना फोन आला. अक्का उठून गेली. आतून आवाज आला, "अहो, जेवलात का?"

पूर्वी 'अहो मधपाळ' म्हणायची. हल्ली नुसतंच 'अहो'. मी हिला म्हणालो, "बघ, अक्का इतकी वैतागलीय की त्याचं नावही तोंडात घेववत नाही तिला."

हिला जोराचा ठसका लागला. पाणी दिलं, पाठ थोपटली, तरी थांबेना. घास लहान घ्यावा हे मी तिला कितीदा सांगितलंय.

१९ ऑगस्ट

मी एक मोठं काम करून आलो आहे. अक्काने माझ्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या. आता तिला या वयात चिखल, नांग्या आणि रोजची भांडणं यातून सोडवायचं मी ठरवलं. हायवेलगतच्या बिस्किटांच्या कारखान्यात जाऊन बोलणी केली. माल उचलायचा तोही हायवेवर, उतरवायचा तोही हायवेवर. चिखल नाही, माश्या नाहीत, मधपाळ नाही. टायरांचा प्रश्नच मिटला! पुढच्या महिन्यापासून काम सुरू.

मधपाळाला लगेच फोन करून कळवलं, तुम्ही दुसरा ट्रक बघा म्हणून. तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं.

रात्री अक्काला सांगितलं. वाटलं होतं डोक्यावरून हात फिरवेल. ती ताटातलं ताटात टाकून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दमली असेल.

२० ऑगस्ट

अक्का दमलेली नव्हती.

सकाळी ती उठलीच नाही. हिने चहाचा कप माझ्यापुढे आदळला. "वा! छान केलंत!"

"अगं, तिच्यासाठीच तर—"

"तुम्हाला एकेक वेलांटी दिसते हो. वाक्य काय लिहिलंय ते कधी वाचता का? ती त्यांच्याशी भांडते म्हणे! अहो, रविवारी ठेवणीतले कपडे घालून कोण भांडायला जातं? 'आधी तुम्ही ठेवा' असं कोण भांडतं? मी तुमच्याशी भांडते तेव्हा असं भांडते का?"

"नाही," मी म्हणालो. "तू फोन आपटतेस."

"मग?"

मी चहाकडे पाहत बसलो. ठेवणीतले कपडे. नांगी. अहो. एकेक गोष्ट पुढ्यात येऊन उभी राहायला लागली. त्या सगळ्या माझ्याच अक्षरात याच वहीत आहेत. मागची पानं उघडायचा धीर झाला नाही.

"पण हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, इतकं तरी दिसत असेल."

चहा गार झाला. मी चपला घातल्या.

२० ऑगस्ट, संध्याकाळ

बसने गेलो, हायवेवर उतरलो आणि मातीच्या वाटेने पायी निघालो. एक चप्पल चढावर चिखलात गेली ती गेलीच. दुसरी हातात घेऊन मधपाळाच्या दारात उभा राहिलो.

तो पेट्यांच्या चौकटी घासत होता. माझ्या पायांकडे पाहून त्याने पाण्याची बादली पुढे केली.

मी म्हणालो, "मी तो फोन केला होता, तो... मला वाटलं, अक्काला त्रास होतोय."

"होत असेल," तो म्हणाला. "मलाही होतोय. झोप लागत नाही."

"माश्यांमुळे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पटकन पाय धुवायला वाकलो.

"मी ते नाही म्हणून सांगितलेलं परत घेतो," पाय धुताधुता मी म्हणालो. "बिस्किटवाल्यांना कळवतो. तुमच्या पेट्या आम्हीच नेऊ."

"पेट्या कोणीही नेईल हो." त्याने हातातली चौकट खाली ठेवली. "मला बोलता येत नाही फारसं. इतकी वर्षं माश्यांशीच बोलतोय, त्यांना शब्द लागत नाहीत. तुमच्या अक्काला मी विचारलंय. ती म्हणाली, 'माझ्या भावाचं कसं होणार?'"

मी बादलीत पाय घालून उभा होतो. पन्नाशीला आलेला माणूस, आणि माझं कसं होणार याची काळजी माझी बहीण अजून करतेय.

"माझं होईल," मी म्हणालो. "तुम्ही येऊन न्या तिला. म्हणजे, ती तुम्हाला घेऊन येईल. म्हणजे, ट्रक ती चालवते ना."

तो हसला. हा माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं. निघताना त्याने स्वतःच्या चपला दिल्या. मला फार मोठ्या होतात, पण आलो फटाक फटाक करत घरी.

अक्का ओट्यावर बसली होती. माझ्या पायांतल्या चपला तिने लगेच ओळखल्या. ती उठली, मला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

३० ऑगस्ट

टायर ठरले! पुढच्या दोन चाकांना सरळ रेघांचे, कारण ट्रक वळवतात ती पुढची चाकं, हायवेवर ती शहाणी हवीत. मागच्या चारांना मधल्या जातीचे. त्यांना मधोमध रेघा आणि दोन्ही कडांना ठोकळे असतात. डांबरावर मधली बाजू पळते, चिखलात चाक खाली बसलं की कडा दात रोवतात. थोडं गुणगुणतात, पण माश्या ऐकून घेतात.

"हे ठरवलं कोणी?" मी विचारलं.

"आम्ही," अक्का म्हणाली, आणि लाजली. माझी अक्का! लाल सिग्नल तोडणाऱ्या ट्रकवाल्याला खिडकीतून ओरडणारी माझी अक्का!

टायरवाला म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

२३ सप्टेंबर

नोंदणी कचेरीत लग्नाची सही करून आले दोघं. साक्षीदार म्हणून आम्ही नवराबायको. अक्काने सही ठसठशीत केली. मीही सही केली आणि मग अर्जातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवणार होतो, पण हिने कोपर मारलं.

२६ सप्टेंबर

अक्का माळावर राहायला गेली. मग ट्रक कोण चालवणार, असं मी विचारलं.

"तू."

"मी?"

"मी आता माश्या बघणार. शिकवते तुला."

८ ऑक्टोबर

शिकतोय. आज रिकाम्या मैदानात एका पिंपावर ट्रक घातला. अक्का म्हणाली, "पिंप होतं, माणूस नव्हता, चांगली सुरुवात आहे." हिला सांगितलं तर ती पिंपाची विचारपूस करायला लागली.

३० ऑक्टोबर

अक्का म्हणते माझे हात आता तयार झाले, फक्त तोंड आवर. गिअर बदलताना मी म्हणे स्वतःशी बोलतो. परवाना हातात आला. त्यात माझं नाव चुकीचं छापलंय. सोडून दिलं.

२ नोव्हेंबर

आज पहाटे पहिल्यांदा एकटा गेलो.

काल पाऊस झाला होता. हायवेवर ट्रक असा पळाला, की मीच घाबरून वेग कमी केला. मातीच्या वाटेवर घसरला, सावरला. चढाच्या पायथ्याशी थांबून मी घाम पुसला आणि पहिला गिअर टाकला. मागची चाकं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग कडांनी माती धरली आणि ट्रक वर आला. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

माळावर पोचून इंजिन बंद केलं. त्यांचं लक्ष नव्हतं. पेट्यांच्या रांगेत दोघंही जाळीच्या टोप्या घालून वाकले होते. अक्का काहीतरी सांगत होती, तो मान डोलवत होता, आणि मध्येच ती इतक्या मोठ्याने हसली की मी स्टिअरिंगवरचा हात काढला. लहानपणी मी तापाने फणफणलो तेव्हा तिला जागताना पाहिलंय, पहाटे बस काढताना पाहिलंय, माझ्या लग्नात धावपळ करताना पाहिलंय. असं हसताना पाहिलेलं आठवेना.

मी हॉर्न वाजवला नाही. त्यांना दिसेपर्यंत बसून राहिलो.

मग पेट्या चढवल्या, दोर बांधले. अक्काने प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "जा सावकाश." बास, तेवढंच.

उतार-चढ पार करून हायवेच्या तोंडाशी आलो. इतके दिवस इथे पलीकडच्या खिडकीतून डोकं काढून "मोकळं आहे, चल" म्हणायचं काम माझं असायचं. आज तिथे कोणी नव्हतं. मी थांबलो. मागे पेट्या गुणगुणत होत्या. सीटवरून पलीकडे सरकलो, खिडकीतून डोकं बाहेर काढून नीट पाहिलं आणि मोठ्याने म्हणालो, "मोकळं आहे, चल."

मग परत सरकून जागेवर आलो, आणि गेलो.